जवसाच्या दाण्याचा रंग आणि बियाण्याची पारख



निपाणी म्हटले की तंबाखूचे शिवार डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु बेळगाव, चिकोडी, हुक्केरी या भागातील काळ्या जमिनीत रब्बी हंगामात निळ्या फुलांचे जवसही पूर्वापार घेतले जात आले आहे. मराठी घरातील जवस तेच शेजारच्या कानडी घरातील अगसी. चटणी, तेल आणि जनावरांना पेंड असे त्याचे तिहेरी मोल आहे.

दाणा तपकिरी चांगला की पिवळा, हा प्रश्न मात्र नेहमी विचारला जातो. टरफलातील टॅनिनवर्गीय द्रव्यांमुळे दाणा तपकिरी दिसतो. ज्या वाणात ती तयार होत नाहीत त्याचा दाणा पिवळा राहतो. हा गुण आनुवंशिक आहे. खताने किंवा पाण्याने तपकिरी वाण पिवळा होत नाही.

तेलाचा कसही केवळ रंगावरून ठरत नाही. साधारण जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असते. त्यामुळेच ते हवेत लवकर सुकते व रंग, वॉर्निश यांसाठी उपयोगी पडते. परदेशात विकसित झालेल्या 'लिनोला' या पिवळ्या जवसात हे आम्ल ५ टक्क्यांहूनही कमी असते, तर 'ओमेगा' या दुसऱ्या पिवळ्या वाणात ते भरपूर असते. रंग एक, तेल मात्र भिन्न!

पेरणीच्या दृष्टीने रंगाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पिवळ्या दाण्याचे टरफल सहसा पातळ असल्याने मळणीत ते तडकते आणि असा दाणा जमिनीतील बुरशीला सहज बळी पडतो. म्हणून मळणी जपून करावी व पेरणीपूर्वी बीजप्रक्रिया अवश्य करावी.

टरफल मातृझाडाचे असते. म्हणून एका झाडाच्या सर्व दाण्यांचे टरफल एकाच रंगाचे येते. पोत्यात दोन रंग दिसल्यास शेतात दोन प्रकारची झाडे होती किंवा खळ्यावर सरमिसळ झाली, असे समजावे.

काढणीच्या वेळी पावसात भिजून काळपटलेला व निस्तेज दाणा, तसेच हिरवट, अपक्व दाणा बियाण्यासाठी ठेवू नये. शंका असल्यास ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण मोजावी. प्रमाणित बियाण्यासाठी किमान ८० टक्के उगवण आवश्यक मानली जाते. घरच्या बियाण्यालाही हीच कसोटी लावल्यास पेरणी वाया जाण्याचा धोका टळेल.