गाळातली पिल्लं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कविता लिहितो आणि तलासरीत किराणा दुकान चालवतो. त्यातलं दुकान चालतं. पण आज मी कवितेबद्दल बोलणार नाही आणि तूरडाळीच्या भावाबद्दलही नाही. आमच्या घरात काचेची एक पेटी आहे. तीन फूट लांब, साधारण शंभर लिटर पाण्याची. तिच्यात राहणाऱ्या एका साध्यासुध्या माशाची गोष्ट सांगायची आहे.

या माशाच्या जातकुळीला शौकीन मंडळी लोच म्हणतात. घाटावर काही ठिकाणी मुरा किंवा मुरी असंही नाव आहे. बोटाएवढा लांब, बोटाहून बारीक, मातकट अंगावर काळपट ठिपके, तोंडाशी मिशा. मत्स्यालयाच्या दुकानात तुम्ही सोनेरी मासे बघता, तेव्हा हा कुठेतरी तळाशी वाळूत शिरून बसलेला असतो. याच्याकडे बघायला कुणी थांबत नाही.

2016च्या जूनमध्ये आमच्या दुकानात कामाला येणारा एक वारली मुलगा पाण्याच्या बाटलीत असे सहा मासे घेऊन आला. पहिल्या पावसात ओहोळाचं पाणी भाताच्या खाचरात शिरतं, तिथे त्याने ते ओंजळीत पकडले होते. म्हणाला, "चाचा, तुमच्या पेटीत नुसती झाडंच आहेत. हे ठेवा." पेटीत तेव्हा हायड्रिला होती, वॅलिसनेरियाच्या लांब पाती होत्या आणि एका लाकडाला जावा मॉस बांधलेलं होतं. मासे टाकले आणि सहाच्या सहा क्षणात वाळूत दिसेनासे झाले.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राने नंतर ते भिंगाखाली बघितले. म्हणाला, याचं नाव लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मालिस. नाव माशाहून लांब! त्यातलं 'थर्मालिस' का, तर 1846 साली व्हॅलेन्सिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने हा मासा नोंदवला तो श्रीलंकेतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांवरून. त्यानेच मला नरमादी ओळखायला शिकवलं. नराच्या छातीजवळच्या परातले दोन काटे एकत्र जुळून जाड झालेले असतात. मादी पोटाशी भरदार असते, आणि विणीच्या दिवसांत पातळ कातडीतून आतली अंडी हिरवट दिसतात. आणखी एक गंमत म्हणजे डोळ्याखाली काटा असतो, तो मासा हवा तेव्हा बाहेर काढतो. म्हणून याला जाळीने पकडू नये, काटा जाळीत अडकतो. वाटीने अलगद घ्यावा.

तर नर होते, माद्या होत्या, जागा होती. मला वाटलं, आता पिल्लं होतील. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मादी फुगायची, पुन्हा बारीक व्हायची. पिल्लाचा पत्ता नाही.

मी काही कमी करत नव्हतो. दर शुक्रवारी नमाजहून आलो की नळी लावून तळाचा सगळा गाळ उपसायचो. काच चकचकीत, वाळू पांढरीशुभ्र. उपसलेलं पाणी अंगणातल्या चिकूच्या बुंध्याला. बायको म्हणायची, "स्वतःच्या टेबलावरचे कागद कधी आवरले नाहीत, आणि माशांचं घर बघा!"

मग 2018चा नोव्हेंबर आला. आमच्या भागातल्या श्रोत्यांना पुढचं सांगायला नको. डहाणू-तलासरीत, धुंदलवाडीच्या आसपास, जमीन हलायला लागली. आधी वाटलं खाणीतला सुरुंग असेल. मग रोजचंच झालं. मोठा आवाज, भांडी वाजायची, कुत्री ओरडायची. 1 फेब्रुवारी 2019ला एका दिवसात एकामागून एक धक्के बसले, त्यातला एक चारच्या पुढचा होता. पळापळीत पडून एका चिमुरडीचा जीव गेला. त्या रात्रीपासून लोक तंबूत, ताडपत्रीखाली, उघड्यावर झोपू लागले. आम्हीही अंगणात आलो.

शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, त्यात काच. टेबलावरून कोसळली तर? मी अर्धं पाणी काढलं, आणि मुलाच्या मदतीने पेटी खाली जमिनीवर, खिडकीपाशी ठेवली. आणि खरं सांगतो, नंतर तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीला भेगा गेलेल्या, दुकान अर्धा दिवस बंद, म्हातारी अम्मी अंगणात खाटेवर. माशांची आठवण कुणाला येणार? कुणाला आठवलं तर चिमूटभर खाणं टाकायचं. हवेचा पंप वीज असली तर चालायचा. पण हा मासा पृष्ठभागावर येऊन हवा गिळतो आणि आतड्यातून श्वास घेतो. आटत्या डबक्यात तो जगतो तो त्यामुळे, आणि माझ्या त्या पेटीतही तो त्यामुळेच जगला.

पावसाळा आला. धक्क्यांनी कौलं सरकली होती, आणि नेमकी एक धार पेटीत पडायची. कितीतरी दिवस आभाळाचं थंड पाणी तिच्यात ठिबकत राहिलं. श्रावणात मी कौलं नीट करायला आत गेलो तेव्हा पेटीचं जंगल झालेलं होतं. पात्यांची गर्दी, काचेवर शेवाळ, तळाला बोटभर गाळ. आधी शरम वाटली. मग त्या गाळात काहीतरी हललं. भाताच्या लोंबीतल्या कुसळासारखं. खाली वाकलो, अक्षरशः जमिनीवर पालथा पडलो. सतरा मोजली. मग मोजणं सोडून दिलं.

मी त्या मुलाला हाक मारली. त्याने बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "चाचा, पाऊस नाही आला तर ते अंडी कशी घालतील?"

तीन वर्षं त्याने मला हे सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

मित्राने बाकीचा हिशोब समजावला. थंड, ताजं पाणी म्हणजे यांच्यासाठी पावसाचा निरोप. दाट पानांत अंडी टाकतात आणि विसरतात. राखण वगैरे काही नाही, उलट सापडली तर स्वतःच खातात. म्हणून दाट झाडी लागते. उबदार पाण्यात एक-दीड दिवसात अंडी फुटतात. सुरुवातीला पिल्लाच्या गालाशी बारीक तंतू असतात, बाहेर आलेले कल्लेच ते. चिखलातल्या कमी प्राणवायूत श्वास घेण्याची ही तात्पुरती सोय. आणि खाणं? गाळातले सूक्ष्म जीव. म्हणजे जो गाळ मी दर शुक्रवारी उपसत होतो तेच त्यांचं घर आणि तेच त्यांचं ताट. मादी दरवर्षी फुगत होती, बारीक होत होती. अंडी कदाचित प्रत्येक वेळी पडली असतील. मी ती चिकूला घातली.

एवढं कळूनही मी आणखी एक चूक केली. मोठे मासे खातील या भीतीने नऊ पिल्लं काढून स्वच्छ टबात ठेवली. उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घातला. दोन दिवसांत पाणी नासलं, पाचव्या दिवशी नऊच्या नऊ गेली. गाळात राहिलेली मात्र वाढत होती. पुढे त्यांना आर्टेमियाची ताजी पिल्लं दिली, स्पंजचा फिल्टर ठेवला, म्हणजे ती ओढली जात नाहीत. औषध आणि मीठ टाळलं, या माशांचे खवले इतके बारीक असतात की असली औषधं त्यांना लगेच बाधतात. दिवाळीपर्यंत अकरा पिल्लं इंचभर झाली.

श्रोतेहो, सगळेच लोच घरी वीत नाहीत. वाघासारख्या पट्ट्यांचा केशरी क्लाउन लोच परदेशात संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन वाढवतात. आपल्या कृष्णेच्या खोऱ्यातल्या ओढ्यांत बारीक पट्ट्यांचा सुंदर झेब्रा लोच आहे, बोटिया स्ट्रिएटा. तो ओढ्यांतून पकडूनच विकला जात आला आणि आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. तेव्हा दुकानात मासा घेताना एवढं विचारावं की हा पैदाशीचा की पकडलेला. आणि पेटीतले मासे, वनस्पती ओहोळात सोडू नयेत. मलाही अकरा पिल्लं खाचरात सोडावीशी वाटली होती. मित्राने अडवलं. पेटीतला रोग रानात जातो म्हणाला. मग पाच त्या मुलाने नेली, त्याच्या घरी आता सिमेंटच्या कुंडीत त्यांचा संसार आहे.

त्या साली आमच्या अनेक घरांना तडे गेले, काही घरं पडली. जुलैतही एक जीव गेला. अशा वर्षाने मला काही दिलं असं म्हणणं बरोबर नाही, आणि मी म्हणत नाही. एवढंच सांगतो की आता मी पेटी महिन्यातून एकदा, आणि अर्धीच साफ करतो. खिडकीकडच्या कोपऱ्याला नळी लावत नाही. जूनमध्ये कौलांखाली बादली ठेवून पावसाचं पाणी धरतो आणि थोडं थोडं तिच्यात घालतो.

कवितेचंही तसंच केलंय. पूर्वी खोडून खोडून कागद पांढरा करायचो. आता थोडा गाळ राहू देतो.

बायको अजूनही म्हणते, टेबल आवरा. तिला हे भाषण मुद्दाम ऐकवणार आहे.