उसवून शिवलेली रिव्हॉल्व्हरं

माझे अब्बा शिंपीकाम करीत. मोठ्या भावाचा कोट उसवून ते माझ्या मापाचा करायचे. वरून कोट नवा दिसे, आत मात्र जुन्या शिवणीची भोकं राहत. अमेरिकेतल्या काही जुन्या रिव्हॉल्व्हरांविषयी वाचताना मला तो कोट आठवला. कवीनं हत्यारांवर बोलावं याचं कुणाला नवल वाटेल, मलाही वाटलं.

ही रिव्हॉल्व्हरं मूळची ठासणीची. सिलिंडरच्या खणांत पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागे केप बसवायची. दिवाळीत मुलं उडवतात त्या केपांचीच ही थोरली बहीण. घोड्यावर बसून ती पुन्हा भरणं म्हणजे दिव्यच. तयार काडतूस मागून सरकवलं की हा खटाटोप टळतो. पण त्यासाठी सिलिंडरचे खण आरपार हवेत, आणि त्या आरपार खणांचं पेटंट रोलिन व्हाइटनं १८५५ मध्येच घेतलं होतं. हा पूर्वी सॅम्युअल कोल्टच्याच कारखान्यात काम केलेला माणूस. त्यानं हक्क दिले ते स्मिथ अँड वेसनला, नगामागे २५ सेंटांवर. पेटंट राखण्यासाठी लढायच्या खटल्यांचा खर्च मात्र त्याच्याच माथी! त्यामुळे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धातही कोल्टची रिव्हॉल्व्हरं ठासणीचीच राहिली.

१८६९ मध्ये पेटंटची मुदत संपली. व्हाइटला मुदतवाढीची वाट करून देणारं विधेयक राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये परत पाठवलं. आता जुन्या मालाचं काय करायचं? कोल्टच्या चार्ल्स रिचर्ड्सनं १८७१ मध्ये तोड काढली. सिलिंडरचा मागचा भाग कापायचा, तिथं पोलादी चकती आणि काडतूस घालायची झडप बसवायची. ठासायचा दांडा काढून त्या जागी रिकामी पुंगळी ढकलणारी सळई. १८७३ मध्ये मुळातच काडतुसासाठी घडवलेलं नवं कोल्ट आलं, आणि या मधल्या पिढीचे दिवस भरत आले.

आज संग्राहक नेमकी हीच शोधतात. सुट्या भागांवरचे क्रमांक जुळतात का, जोड कुठे दिसतो, हे भिंग लावून पाहतात. हौसेनं घासूनपुसून चकचकीत केलेलं रिव्हॉल्व्हर जाणकार बाजूला ठेवतो. आणि काही लबाड माणसं अस्सल ठासणीचं रिव्हॉल्व्हर कापून खोटं 'रूपांतरित' बनवतात. एक खरी वस्तू मारून एक खोटी जन्माला घालायची! मला याची चीड येते. वस्तू माणसं मारण्यासाठी घडली होती हे विसरून मी चिडतो, हेही मला कळतं.

अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंतचं असं हत्यार पुराणवस्तू ठरतं. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात नुसतं जुनेपण पुरत नाही. दुरुस्त करूनही ते चालता कामा नये. तेव्हा मी आपला चित्रांवरच समाधानी.

त्यातलं एक चित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. कोल्टच्या सिलिंडरवर टेक्सास आणि मेक्सिकोच्या १८४३ मधल्या आरमारी लढाईचं कोरीवकाम असे. कमरेच्या चामड्यात घासून घासून ते झिजत जाई. संग्राहक मोजत बसतात, किती जहाजं अजून दिसतात.