रंगावरून नव्हे, रेघेवरून



शिवनाथेच्या वाळवंटात मूल दगड वेचते, ते रंग पाहून. दगडांचा जाणकारही प्रथम रंगच पाहतो. परंतु तेथे थांबत नाही. हेमॅटाइट हे लोहखनिज कधी तांबडे, कधी करडे, कधी काळे दिसते. टाइलच्या खरखरीत पाठीवर ते घासले, की रेघ मात्र तांबूस तपकिरीच उमटते. मॅग्नेटाइटची रेघ काळी असते आणि चुंबक त्याला जोराने ओढतो. गारगोटी काचेवर ओरखडा काढते. चुनखडकाला ते जमत नाही, पण सौम्य आम्लाचा थेंब पडताच तो फसफसतो. हातात तोलून पाहावे, तर तेवढ्याच आकाराचे शुद्ध हेमॅटाइट चुनखडकाच्या जवळजवळ दुप्पट भरते.

अशा पारखीवरच भिलाई उभी आहे. १८८७ मध्ये भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी राजहरा टेकडीच्या लोहखनिजाची नोंद केली. पुढे दोराबजी टाटांनी नागपूरच्या संग्रहालयात मध्य प्रांताचा भूवैज्ञानिक नकाशा पाहिला आणि त्यावरील लोखंडाच्या खुणांनी शोधपथक दुर्ग जिल्ह्याकडे वळले. खनिज उत्तम निघाले; पण जवळपास योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी नव्हते. टाटांचा कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला.

टेकडीने वाट पाहिली. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. राजहराचे खनिज आणि नंदिनीचा चुनखडक त्या भट्टीत एकत्र आले. खनिजात गारगोटीच्या जातीची सिलिका असते. चुना तिला मळीच्या रूपाने वेगळे करतो आणि लोखंड खाली उतरते.

राजहराचा साठा आता ओसरत चालला आहे आणि नजर रावघाटकडे लागली आहे. कोट्यवधी वर्षांत घडलेली टेकडी दोन-तीन पिढ्यांत सरते. म्हणून दगड ओळखणे हा केवळ छंद नव्हे. काय वापरले आणि काय उरले, याचे ते भान आहे.

शाळेचा हा हीरक महोत्सव. हिऱ्याचीही परीक्षा नुसत्या चमकेवर होत नाही. नाव देण्यापूर्वी पारखून पाहण्याची सवय या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती राहो.