आजीचं गाव कोणतं?

(लातूर येथे महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथं बसलेल्या किती जणींना आजीचं माहेर ठाऊक आहे? आणि पणजीचं? बघा, हात कमी होत गेले.

मध्यंतरी औशाकडची एक ताई माझ्याकडे आली. गावचं सरपंचपद इतर मागासवर्गातल्या बाईसाठी राखीव झालं होतं. गाव तिच्या पाठीशी होतं, पण जातीचा दाखला नव्हता. दाखला नवऱ्याच्या कागदांवर मिळत नाही, बापाच्या वंशातून मिळतो. पुरावा 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा लागतो. वडील नांदेडात हमाली करत वारले, शाळा त्यांनी पाहिलीच नव्हती. भावाकडे काही कागद होते. भाऊ म्हणाला, "आधी हक्कसोडावर सही कर, मग देतो."

महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. ताईनं सही केली नाही.

मग म्हाताऱ्या आत्याच्या पेटीतून एक जीर्ण कागद निघाला. निजामाच्या अमलातला, उर्दूत, तोही घसटीत लिहिलेला. वर्ष 1354 फसली. आमच्याकडच्या फसली सनात 590 मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून हे 1944-45. एकानं गाव वाचलं 'मुखेड'. आत्याही म्हणाली, "तेच असंल." आम्ही मुखेडला दोन खेपा घातल्या, मजुरी बुडाली, नोंद मिळाली नाही.

परत आल्यावर मी आत्याजवळ नुसती बसले. गाव सुटलं तेव्हा ती चार-पाच वर्षांची. म्हणाली, "नाव ध्यानात नाही बाई, पण दारातून आगगाडीचा धूर दिसायचा."

मुखेडला आजही रेल्वे नाही. पण मुदखेड हे मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं जुनं स्टेशन! उर्दूत या दोन नावांत फरक फक्त एका 'दाल'चा, आणि घसटीत तो पुढच्या अक्षरात मिसळून जातो. जाणत्यानं भिंग लावून पाहिलं, दाल होता.

आणखी एक गोष्ट कळली. कागदात नाव आजोबांचं नव्हतं, आजीचं होतं. 'बेवा', म्हणजे विधवा म्हणून जमीन तिच्या नावावर लागली होती. त्यावरून मूळ नोंद सापडली, तिच्यात 'कौम'चा रकाना होता. उर्दूत कौम म्हणजे जात. जुन्या मराठी कागदांत 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. दोन्हींची गल्लत करू नका.

2023 साली सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, मराठवाड्यातली निजामकालीन दप्तरं कुणबी नोंदींसाठी उघडली गेली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम मोल आलं. पण वंशावळ बापाकडूनच चढते. तिच्यात आई कुठून आली हे कुणी विचारत नाही. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचं नाव येतं. चांगलं झालं. पण आपल्या आज्यांचं काय?

म्हणून घरी गेल्यावर एक वही करा. आजीचं लग्नाआधीचं नाव, माहेर, जवळची नदी, बाजार, यात्रा, सगळं लिहा. तिचं नाव कागदात 'बेवा', 'जौजा' म्हणजे पत्नी, 'कोम' असं शोधा. लातूर जिल्हा 1982 चा आहे, त्याआधीची दप्तरं उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात विचारा. उदगीर, अहमदपूर, निलंगा 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते, तिकडेही विचारा. नकलेसाठी अर्ज स्वतः करा. तिच्यासाठी भावाची मर्जी लागत नाही.

ताईचा दाखला निघाला, पण उमेदवारीची मुदत टळून गेली होती. ती पुढच्या खेपेला उभी राहणार आहे. वाटणीचा दावाही तिनं लावला आहे. कागद शोधता शोधता तिला कळलं, की आजीच्या नावावर जमीन होती. भावानं हे तिला कधी सांगितलं नव्हतं.