एकाच हवेतले दोघे



सकाळपासून पाहतोय, या सभागृहात परवानाधारक वैमानिक एका बाजूला बसले आहेत आणि मॉडेल विमानं उडवणारे दुसऱ्या. कुणी सांगितलं नव्हतं, तरी तसे बसलात, हे मला खुपतं. इकडे ‘खेळणी उडवणारे’ कानावर येतं, तिकडे ‘लायसन्सचा तोरा’. मी दोन्हीकडचा. एनसीसीच्या एअर विंगमध्ये बाल्साला पॉलिशपेपर मारता मारता पंखाला उचल कशी मिळते ते मला कळलं. कॉकपिट पुष्कळ नंतर आलं.

वैमानिकांना पॉल मॅक्रेडींची आठवण करून देतो. लहानपणी मॉडेल विमानं करणारा हा माणूस १९५६ मध्ये ग्लायडिंगचा जगज्जेता झाला. निव्वळ माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानासाठी क्रेमर पारितोषिक १९५९ पासून जाहीर होतं. ते १९७७ मध्ये मॅक्रेडींच्या ‘गॉसमर कॉन्डॉर’नं मिळवलं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, तारा आणि मायलरचा पापुद्रा, म्हणजे मॉडेलवाल्याच्याच हातची कारागिरी. तिला खेळणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता मॉडेलवाल्यांशी जरा कडक बोलतो. उतरायला आलेलं सेस्ना १७२ ताशी साधारण १२० किलोमीटर वेगानं येतं. तुमचं दीड मीटर पंखांचं मॉडेल २०० मीटरवरून त्या वैमानिकाला हातभर अंतरावरच्या तांदळाच्या दाण्याएवढं दिसतं, तेही त्यानं नेमकं तिकडेच पाहिलं तर. मधे उरतात सहा सेकंद. त्याची नजर तेव्हा धावपट्टीवर आणि वेगाच्या काट्यावर असते. तुम्हाला मात्र त्याचं इंजिन मिनिटभर आधी ऐकू येतं. ज्याला आधी कळतं त्यानं बाजूला व्हायचं. यात मानापमान नाही. म्हणून ट्रान्समीटर हातात घेणाऱ्याशेजारी आकाशाकडेच पाहणारा एक स्पॉटर हवाच, आणि त्यानं ‘विमान आलं, खाली घे’ म्हटलं की लूप अर्धा सोडून मॉडेल खाली आलं पाहिजे.

ड्रोन आल्यावर हे भांडण जास्त चिघळलं. दुकानातून डबा आणून गच्चीवरून उडवणाऱ्याचा राग वर्षानुवर्षं मैदानावर शिस्तीनं उडवणाऱ्यांवर निघतो. हा अन्याय आहे, आणि तो थांबवणं वैमानिकांच्या हातात आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी मॉडेलची वेगळी व्याख्या केली: २५ किलोपर्यंत वजन, नजरेच्या टप्प्यात उड्डाण, शिक्षण, संशोधन किंवा छंद असा हेतू. पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हरित क्षेत्रात उंची ४०० फुटांपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २००. कायद्यानं ज्यांना जागा दिली, त्यांना आपण वैमानिकांनी उपरे ठरवू नये.

तेव्हा अध्यक्ष म्हणून ठराव मांडतो. प्रत्येक मॉडेल क्लबनं आपल्या मैदानाचा नकाशा आणि उडवण्याच्या वेळा जवळच्या फ्लाइंग क्लबला लेखी कळवाव्यात. फ्लाइंग क्लबनं तो नकाशा ब्रीफिंगच्या फळ्यावर लावावा, सर्किटची दिशा आणि उंची मॉडेल क्लबला द्यावी, आणि नव्या प्रशिक्षणार्थींना एकदा तरी त्या मैदानावर न्यावं. अनुमोदनासाठी मला दोन्ही बाजूंचा एकेक हात वर हवा आहे.