बैल आणि बियाणे



वसंत व्याख्यानमालेत बेसबॉलवर बोलणार असे जाहीर झाल्यावर काही मित्रांनी मला वाटेत अडवून विचारले, की विषय संपले काय? त्यांचे आश्चर्य रास्त आहे. आपल्याकडे हा खेळ थोडेच लोक खेळतात. परंतु मला आज खेळाचे नियम सांगायचे नाहीत. एका मध्यम शहराची अडचण सांगायची आहे. मिळकत बेताची, शेजारी श्रीमंत आणि घरात मोलाची अशी एकच वस्तू. ती ठेवावी की देऊन टाकावी? हा प्रश्न आपल्यापैकी कोणाला अपरिचित आहे असे मला वाटत नाही.

शहराचे नाव कॅन्सस सिटी. ते अमेरिकेच्या मध्यभागी, मिसूरी राज्यात आहे. तेथील संघाचे नाव रॉयल्स. अमेरिकेच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत आणि एका हंगामात प्रत्येकाला १६२ सामने खेळावे लागतात. खेळाडूंच्या एकूण पगारावर तेथे सक्तीची कमाल मर्यादा नाही. फार खर्च करणाऱ्यावर कर बसतो, पण ज्याची तिजोरी मोठी त्याला त्याचे काय? मिळकतीचा बराच भाग तिकिटे आणि स्थानिक दूरचित्रवाणी यांतून येतो. न्यूयॉर्कच्या परिसरात सुमारे दोन कोटी माणसे राहतात, कॅन्सस सिटीच्या परिसरात वीस-बावीस लाख. दोघांनी एकाच मैदानावर, एकाच नियमाने लढायचे आहे.

आता खेळाडूची गोष्ट पाहू. नवा खेळाडू साधारणपणे सहा वर्षे आपल्या क्लबला बांधलेला असतो. त्यानंतर तो मोकळा होतो आणि जो जास्त देईल त्याच्याकडे जाऊ शकतो. म्हणजे लहान शहराने पोराला शिकवायचे, त्याच्या चुका सोसायच्या, आणि तो ऐन भरात आला की श्रीमंताने त्याला न्यायचे. यावर गरीब क्लबाला एक तोड सापडली आहे. करार संपायला वर्ष-दोन वर्षे उरली असतानाच त्या जाणत्या गड्याला दुसऱ्या क्लबाला द्यायचे आणि बदल्यात तीन-चार कच्ची, होतकरू पोरे घ्यायची. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर बैल विकून बियाणे घ्यायचे.

या शहराने याच्या उलटा व्यवहारही पाहिला आहे. रॉयल्सच्या आधी, १९५५ ते १९६७ या काळात, तेथे अ‍ॅथलेटिक्स नावाचा संघ होता. त्याच्या पहिल्या मालकाचे न्यूयॉर्कच्या यँकीज क्लबाच्या मालकांशी जुने व्यवहारसंबंध होते. डिसेंबर १९५९ मध्ये त्या संघाने रॉजर मॅरिस हा पंचवीस वर्षांचा फलंदाज यँकीजला देऊन टाकला. बदल्यात आलेल्या चौघांत नॉर्म सीबर्न हा उपयोगी ठरला, हे खरे. पण हँक बॉवर सदतीस वर्षांचा होता. मॅरिसने १९६१ साली न्यूयॉर्कसाठी ६१ होमरन मारून बेब रूथचा विक्रम मोडला. इकडे अ‍ॅथलेटिक्सला कॅन्सस सिटीतील तेरा हंगामांपैकी एकातही हारीपेक्षा जास्त विजय मिळाले नाहीत. शेवटी संघ ओकलंडला निघून गेला. बियाणे देऊन म्हातारा बैल घेणाऱ्याचे शेत असेच पडीक राहते.

रॉयल्सचा जन्म १९६९ चा. १९८५ साली त्यांनी विश्वमालिका जिंकली, आणि त्यानंतर तब्बल एकोणतीस वर्षे त्यांना अंतिम फेऱ्यांचे तोंड दिसले नाही. १९८५ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा २०१४ साली एकोणचाळीस वर्षांचा झाला होता. २००५ साली संघ १०६ सामने हरला. त्या काळोखात एक दिवा लागला तो झॅक ग्रिंकी या पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा. २००६ साली मनाच्या आजारामुळे हा तरुण सराव-शिबिर सोडून घरी गेला होता. क्लबाने त्याला वेळ दिला. तो परत आला आणि २००९ साली आपल्या लीगमधील सर्वोत्तम पिचरचा मान त्याने मिळवला. अशा माणसावर गाव जीव टाकते.

आणि डिसेंबर २०१० मध्ये क्लबाने त्यालाच मिलवॉकीला दिले. ग्रिंकीलाही आता हरणाऱ्या संघात थांबायचे नव्हते, त्याने तसे बोलून दाखवले होते. त्याच्यासोबत आणखी एक खेळाडू गेला आणि बदल्यात चार तरुण आले. त्यांत लोरेन्झो केन आणि अल्सिडीस एस्कोबार ही दोन नावे होती. त्या दिवशी ती नावे ऐकून कॅन्सस सिटीत कोणी पेढे वाटले नसतील. पुढच्या हंगामात संघ ९१ सामने हरला.

पण येथवर झाली ती अर्धी गोष्ट. बियाणे घेऊन ते कणगीत ठेवले तर पीक येत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये क्लबाने उलट पाऊल टाकले. आपला सर्वांत होतकरू तरुण फलंदाज विल मायर्स आणि आणखी काही पोरे देऊन त्यांनी टँपा बेकडून जेम्स शील्ड्स व वेड डेव्हिस हे अनुभवी पिचर घेतले. मायर्स पुढच्याच वर्षी लीगमधील सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि क्लबावर टीका झाली. परंतु आता पेरणी पुरे, कापणीची वेळ आली, हे कोणीतरी ठरवावेच लागते. २०१४ साली रॉयल्स विश्वमालिकेच्या सातव्या सामन्यात ३-२ असे हरले. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा बरोबरीची धाव तिसऱ्या बेसवर उभी होती.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, न्यूयॉर्कच्या मैदानावर मेट्सविरुद्ध सामना बाराव्या डावापर्यंत लांबला. त्या डावात आघाडी मिळाल्यावर एस्कोबारच्या फटक्याने आणखी एक धाव आली आणि केनच्या फटक्याने तीन. खालच्या डावात शेवटचा फलंदाज बाद केला डेव्हिसने. पाच वर्षांपूर्वीचा एक व्यवहार आणि तीन वर्षांपूर्वीचा दुसरा, दोन्ही त्या एका डावात फळाला आले. तीस वर्षांनी गाव जिंकले.

मंडळी, एवढ्यावर थांबलो तर हे व्यापाराचे व्याख्यान होईल. बैलाची उपमा मी मुद्दाम वापरली, कारण ती कोठे मोडते हे मला सांगायचे आहे. बैल बोलत नाही, माणूस बोलतो. त्याच मिसूरी राज्यातील सेंट लुईस संघात कर्ट फ्लड हा खेळाडू बारा हंगाम खेळला. १९६९ साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देण्यात आले. आपण विकत घेण्या-विकण्याची वस्तू नाही, असे म्हणून त्याने जाण्यास नकार दिला आणि न्यायालयात दाद मागितली. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ अशा मतांनी हरला. त्याचा खेळ जवळजवळ तेथेच संपला. परंतु डिसेंबर १९७५ मध्ये एका लवादाने दुसऱ्या दोन खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि जन्मभराची बांधिलकी तुटली. आज लहान क्लब ज्या सहा वर्षांच्या मुदतीबद्दल कुरकुर करतात, ती माणसाच्या स्वातंत्र्याची किंमत आहे. ती त्यांनी कुरकुर न करता मोजावी.

आणि किंमत मोजणारा आणखी एक जण आहे, तो म्हणजे प्रेक्षक. क्लब म्हणतो, ‘चार वर्षे थांबा.’ हे थांबणे म्हणजे गावाने दिलेले कर्ज आहे. कर्ज मागण्यात पाप नाही, परंतु कर्ज घेणाऱ्याने हिशेब द्यावा. काय दिले, काय घेतले, पीक केव्हा येईल, आणि आलेले पीक गावासमोर कापले जाईल की तेही विकले जाईल? जो मालक दरवर्षी फक्त विकतो, तो संघाची पुनर्रचना करत नाही, दिवाळखोरीला गोड नाव देतो.

या कसोटीवर रॉयल्स मला प्रामाणिक वाटतात. २०१७ च्या मध्यात केन, एरिक हॉस्मर आणि माइक मुस्टाकस यांचे करार संपत आले होते. त्यांना देऊन नवे बियाणे घेता आले असते. क्लबाने त्यांना हंगामाच्या अखेरपर्यंत गावासमोर खेळू दिले. याची शिक्षा लगेच मिळाली. २०१८ साली संघ १०४ सामने हरला, आणि २०१५ साली सत्तावीस लाखांवर गेलेली प्रेक्षकसंख्या सतरा लाखांच्या आत आली. हिशेबी लोक याला चूक म्हणतात. मला ती चूक वाटत नाही. ज्यांनी तीस वर्षांची वाट संपवली, त्यांना निरोप देण्याचा गावाचा हक्क होता.

त्या पडत्या काळात, २०२२ साली, अडतीस वर्षांचा ग्रिंकी कॅन्सस सिटीत परत आला आणि हंगामाचा पहिला चेंडू त्यानेच फेकला. २०२३ साली संघ पुन्हा १०६ सामने हरला. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये क्लबाने बॉबी विट या आपल्याच तरुण खेळाडूशी अकरा वर्षांचा, सुमारे २९ कोटी डॉलरचा करार केला. त्या वर्षी संघ अंतिम फेऱ्यांत पोहोचला. लहान गावालासुद्धा कधीतरी म्हणता आले पाहिजे, की हा आमचा, हा विकायचा नाही. एरवीची सारी देवघेव त्या एका वाक्यासाठी करायची असते.