आजीचं माहेर कुठल्या कागदात सापडेल?

मांजरीहून आमच्या गटातल्या आम्ही सगळ्याजणी बोलतोय. आजचा विषय आहे हरवलेल्या आज्या शोधण्याचा. जत्रेत हरवलेल्या नव्हे बरं का, कागदात हरवलेल्या.

आधी एक करून बघा. वडिलांच्या आजोबांचं नाव आठवा. बहुतेकींना आठवेल. आता आईच्या आजीचं नाव, तिचं माहेरचं आडनाव आणि गाव आठवा. आमच्या गटात हा प्रश्न विचारला, तेव्हा सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कुणाला नुसतं “शिरूरकडची होती” एवढंच ठाऊक, कुणाला तेवढंही नाही.

असं का होतं? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितात. माहेरची चंद्रभागा सासरी सरस्वती होते. मधलं नाव वडिलांचं होतं, तिथं नवऱ्याचं येतं. आडनावही बदलतं. म्हणजे एकाच बाईची दोन नावं, आणि दोघींना जोडणारा कागद कुठंच नाही. नातवंडं शोधायला निघाली की वाट लग्नापाशीच संपते.

याउलट एक गोष्ट सांगतो. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचं बेट आहे. १८३४ पासून पुढं सुमारे साडेचार लाख माणसं करारावर मजुरी करायला भारतातून तिथं गेली. बरीचशी उसाच्या मळ्यात राबली. त्यात आपल्या कोकणातली, रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती, आणि बायकाही होत्या. प्रत्येकाला नंबर मिळायचा. वहीत नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव आणि जहाजाचं नाव लिहिलं जायचं. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. हे काही मायेनं केलेलं नव्हतं. मजूर मळा सोडून पळाला तर ओळखता यावा, म्हणून ती सोय होती. पण त्याच वह्या आणि फोटो आज तिथं मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेत. त्या कुटुंबांची पाचवी-सहावी पिढी तिथं जाते, नंबर शोधते, पणजीचा चेहरा बघते आणि तिचं गाव कोणतं हे वाचते.

बघा, समुद्रापार गेलेल्या बाईचं गाव सापडतं आणि शेजारच्या तालुक्यातून सासरी आलेल्या आजीचं सापडत नाही! म्हणून आम्ही शोधायला लागलो. काय कामी आलं, ते सांगतो.

पहिला फोटो. भिंतीवरचा फोटो फ्रेममधून हलक्या हातानं काढून मागची बाजू बघा. पुठ्ठ्यावर स्टुडिओचं नाव आणि गाव छापलेलं असतं. फोटो बहुधा जवळच्या बाजारगावात काढायचे, म्हणजे शोधायचा मुलूख कळतो. मग फोटोतली माणसं बघा. नथ, गोठ, लुगड्याची नेसण, हातावरचं गोंदण. कित्येक बायकांच्या हातावर नाव गोंदलेलं असायचं. हे सगळं घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईसमोर ठेवा आणि “ही कोण?” एवढंच विचारा. पुढचं त्या आपणहून सांगतात.

दुसरा शोध कागदांचा. आजी सासरच्या गावात शोधू नका, तिच्या वडिलांच्या गावात शोधा. वडील वारल्यावर जमिनीवर वारसांची नावं लागतात, त्याची नोंद फेरफारात असते. लग्न झालेल्या मुलीचं नाव त्यात “अमकी भ्र. तमका” असं येतं. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. बापाच्या जमिनीच्या कागदावर नवऱ्याचं नाव! दोन घरं जोडणारा धागा तो हाच. जुने फेरफार तलाठ्याकडे, तहसील कार्यालयात मिळतात, बऱ्याच तालुक्यांचे महाभूमीच्या संकेतस्थळावरही बघता येतात.

जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. त्यालाच कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधामुळं हा शब्द आता घरोघरी गेलाय. त्यातल्या कित्येक पानांवर बापाचं नाव आहे आणि पुढं नुसतंच “मुलगी” लिहिलंय, बारशाचं नाव नाही. म्हणून नावावर अडून राहू नका. बापाचं नाव आणि साल जुळवा. पान मोडीत असेल तर मोडी वाचणारं माणूस गाठा. आजी शाळेत गेली असेल, तर शाळेच्या जनरल रजिस्टरात तिचं माहेरचं पूर्ण नाव मिळतं.

तिसरी ओवी. दळताना बाईनं भावाचं नाव घेतलं, माहेरची वाट गायली. कागदानं जे लिहिलं नाही, ते जात्यावर बोललं गेलं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आपल्या म्हाताऱ्यांना अजून येतात. मोबाईलवर भरून ठेवा.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आमच्यातल्या एकीला विचारा. तिच्या आईचं नाव माहेरच्या कागदावर एक, सासरच्या कागदावर दुसरं. दोघी एकच हे दाखवायला जुना फेरफारच उपयोगी पडला. २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. हा हक्क जन्मानंच मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण हक्क मागायला आधी ती कुणाची लेक हे सिद्ध व्हावं लागतं. आणि वाटा घ्यायचा नसला, तरी आपण कुठून आलो हे लेकींना कळायला नको का?

आमचं मांजरी बुद्रुक २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेलं. उसाच्या रानात इमारती उभ्या राहतायत, जुनी घरं पडतायत. घर पाडताना फोटो आणि पत्र्याच्या पेटीतले कागद भंगारात जातात. तुमच्याही गावात हे होत असेल. घर पाडायच्या आधी पेटी बाहेर काढा.

आता कायदा थोडा पुढं आलाय. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लागतं. ते पुढच्यांसाठी झालं. मागच्यांसाठी आपल्यालाच लिहावं लागेल. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक जुना फोटो आणावा. मूळ फोटो लॅमिनेट करू नका. मोबाईलवर त्याची प्रत काढा. मागं पेनानं नको, मऊ पेन्सिलीनं लिहा: माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे साल. आणि सगळ्यांत आधी स्वतःच्या फोटोमागं लिहा, म्हणजे आपल्या पणतीला आपल्याला शोधत बसावं लागणार नाही.